सामाईक यंत्राचा कारभार
(प्रस्तावना)

पिरंगुटहून पौड रस्त्याने पुण्याकडे निघाले की भुकूम, भूगाव, बावधन मागे टाकून चांदणी चौक येतो. तिथून डावीकडे पाषाणला उतरले की थोडक्या किलोमीटरच्या टापूत देशातल्या सर्वांत मोठ्या संगणकयंत्रांपैकी काही उभी आहेत. होमी भाभा रस्त्यावर उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, म्हणजे 'आयआयटीएम'मध्ये, आधी 'प्रत्युष' आणि आता 'अर्का'. त्याच रस्त्यावर आयसरमध्ये 'परम ब्रह्म'. पंचवटीला 'परम' घराण्याचे जनक सी-डॅक. आणि पुढे विद्यापीठाच्या आवारात आयुका व एनसीआरए, जिथे गुरुत्वलहरींपासून जीएमआरटीच्या रेडिओ नोंदींपर्यंतच्या डेटावर काम चालते.

या यंत्रांच्या बातम्या येतात त्या उद्घाटनाच्या. ८ जानेवारी २०१८ रोजी 'प्रत्युष' सुरू झाले तेव्हा त्याचे चार पेटाफ्लॉप्स सगळ्या वर्तमानपत्रांत झळकले. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ११.७७ पेटाफ्लॉप्सचे 'अर्का' आले, आणि त्याच दिवशी तीन 'परम रुद्र' यंत्रांचेही लोकार्पण झाले, त्यांतले एक पुण्याचे. पंतप्रधान त्या दिवशी पुण्यात यायचे होते, पण मुसळधार पावसामुळे दौरा रद्द झाला आणि हवामानाच्या यंत्राचे लोकार्पण दिल्लीहून, पडद्यावरून करावे लागले. परम ८००० ची १९९१ ची गोष्ट किंवा नोव्हेंबर २००७ मध्ये जगाच्या यादीत चौथे आलेल्या पुण्याच्याच 'एका'ची गोष्ट मराठीत पुष्कळदा सांगून झाली आहे. अभिमान वाटावा अशाच त्या गोष्टी आहेत. पण पाहुणे गेल्यावर जो प्रश्न उरतो तो त्या गोष्टींत नसतो: उद्या सकाळी हे यंत्र कोण वापरणार, किती वेळ, आणि कोणी कोणासाठी थांबायचे?

ही पुस्तिका त्या प्रश्नाची आहे. पिरंगुट आणि आसपासच्या काही मंडळींसाठी काढलेल्या टिपणांतून ती वाढत गेली. भूगाव-पिरंगुटला भाड्याने राहून रात्री घरूनच पाषाणच्या क्लस्टरवर जॉब टाकणारे संशोधक विद्यार्थी, उरवडे रस्त्याकडच्या कारखान्यांत पंपाच्या पात्यावरून पाणी कसे वाहील किंवा प्रेसखालचा पत्रा कुठे फाटेल याचे गणित मांडणारे अभियंते, आणि आपल्या कॉलेजात चारसहा यंत्रे एका स्विचला जोडून 'आता तूच बघ' म्हणून ज्यांच्या गळ्यात कारभार पडला आहे ते बिचारे लॅब असिस्टंट, असे हे वाचक. या सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य समान असते: "सर, माझा जॉब लागत नाहीये."

क्लस्टर म्हणजे काय हे पहिल्या प्रकरणात आहे, इथे चार ओळी पुरेत. स्वतंत्र संगणक, ज्यांना नोड म्हणतात, वेगवान जाळ्याने जोडायचे आणि एकच मोठे काम त्यांच्यात वाटून द्यायचे. १९९४ मध्ये थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी नासाच्या गोडार्ड केंद्रात बाजारात मिळणाऱ्या ४८६ प्रोसेसरच्या सोळा यंत्रांचा असा संच उभा केला, त्याचे नाव बेओवुल्फ. तेव्हापासून महासंगणक हा प्रकार राजवाड्यातून चाळीत आला. आज पाषाणचे यंत्र आणि कारखान्याच्या मागच्या खोलीतले चार डबे यांच्यात आकाराचा आणि पैशाचा फरक प्रचंड आहे, पण कारभाराचे प्रश्न तेच आहेत. छोट्या जागी ते जास्त बोचतात, कारण रांगेत पुढे गेलेला माणूस शेजारच्याच खुर्चीत बसलेला असतो.

एक समज आधीच बाजूला करू. 'यंत्र मोठे घेतले की रांग संपेल' हे वाक्य प्रत्येक खरेदीच्या बैठकीत ऐकू येते आणि ते कधीच खरे ठरत नाही. मुळशी तालुक्यातच याचा पुरावा आहे. पिरंगुट ते ताम्हिणी हे सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटरचे अंतर. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. घाटमाथ्यावरचा पाऊस आणि पिरंगुटचा पाऊस यांत किती अंतर असते ते इथल्या कोणत्याही दूधवाल्याला विचारा. आता हवामानाचे प्रारूप जमिनीच्या चौकटी पाडते आणि प्रत्येक चौकटीसाठी हवेचा हिशोब करते. 'प्रत्युष'वर चालणाऱ्या जागतिक प्रारूपाची चौकट सुमारे बारा किलोमीटरची होती, म्हणजे पिरंगुट आणि ताम्हिणी यांच्यात जेमतेम दोन चौकटी. २६ मे २०२५ रोजी जाहीर झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'मध्ये, जी आयआयटीएमने घडवली आणि 'अर्का'वर चालते, ही चौकट सहा किलोमीटरची झाली. चौकटीची बाजू निम्मी केली की तेवढ्याच जागेत चौकटी चौपट होतात, शिवाय हिशोबाची पावलेही दुप्पट टाकावी लागतात. म्हणजे ढोबळ मानाने काम आठपट. यंत्र चारांवरून बाराच्या आतबाहेर गेले, म्हणजे तिप्पट. भूक आठपट.

आणि हे फक्त एका प्रारूपाचे. औषधाच्या रेणूचे, रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींचे, जनुकांचे आणि आता यंत्रशिक्षणाचे काम वेगळेच. क्षमता वाढते तसे प्रश्नही मोठे होतात, आणि ते व्हायलाच हवेत. नाहीतर यंत्र घ्यायचेच कशाला? तेव्हा टंचाई कायमची धरूनच कारभार आखायचा. ती वाटायची कशी, याचे नियम कोणीतरी माणसे ठरवतात, सॉफ्टवेअर फक्त ते अमलात आणते. आणि ती माणसे कोण, त्यांनी असे का ठरवले, हे रांगेत उभ्या असलेल्याला कळले पाहिजे. या पुस्तिकेचा सगळा आग्रह एवढाच आहे.

हा प्रश्न क्लस्टरपेक्षा जुना आहे. एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकच संगणक, अनेक जण अनेक टर्मिनलांवरून एकाच वेळी वापरणारे. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात आणि प्रत्येकाने किती वेळ खाल्ला ते मोजता यावे म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला गेला. अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत. त्याचा विषय त्या यंत्राच्याच कामगिरीचे मोजमाप हा होता आणि चार तासांत ते होणे शक्य नव्हते. १९६२ मध्ये त्याने पंच कार्डावर एक विनंती टाकली: अमुक फाइल छापून द्या. ती पासवर्डची फाइल होती. छापील कागद त्याला मिळाला आणि दुसऱ्यांच्या नावावर त्याचे काम पुढे सरकले. पासवर्डचोरीच्या नोंदलेल्या घटनांत ही अगदी पहिल्यांपैकी, आणि ती कोणाचे गुपित काढण्यासाठी झाली नव्हती. संगणकाचे तास हवे होते म्हणून झाली होती. प्रबंधाच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याला मित्राच्या लॉगिनवरून जॉब टाकताना पकडले की मला शेर आठवतो. शिक्षा करायचीच, पण कोटा ठरवणाऱ्यानेही एकदा आपला कागद तपासायचा.

आता रांगेकडे येऊ. पुस्तिकेचा सर्वांत जाड भाग तिच्यावर आहे, आणि भांडणेही तिच्यावरूनच होतात.

सगळ्यात सोपा नियम 'जो आधी आला तो आधी'. रेशनच्या दुकानात तो चालतो, कारण तिथे प्रत्येकाला लागणारा वेळ साधारण सारखा असतो. क्लस्टरवर एकाला एक नोड दहा मिनिटे हवा असतो आणि दुसऱ्याला शंभर नोड तीन दिवस. शंभरवाला रांगेत पहिला आला आणि साठच नोड मोकळे असले, तर उरलेले चाळीस सुटेपर्यंत ते साठ रिकामे बसवायचे का? बसवले तर यंत्र फुकट तापते. नाही बसवले आणि मागून येणाऱ्या छोट्या जॉबना ते देत गेलो, तर शंभरवाल्याचा नंबर कधीच लागत नाही. अमेरिकेत अर्गोन प्रयोगशाळेच्या आयबीएम यंत्रावर डेव्हिड लिफ्का यांनी १९९५ मध्ये यावर तोडगा मांडला. रांगेतल्या पहिल्या मोठ्या जॉबला कधी जागा मिळेल ती वेळ काढून राखून ठेवायची, आणि तोपर्यंत संपतील असेच छोटे जॉब मधल्या मोकळ्या नोडवर घालायचे. याला बॅकफिल म्हणतात आणि आज रांग चालवणारी बहुतेक सगळी सॉफ्टवेअरे, म्हणजे शेड्युलर, ते करतात. २००२ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतून आलेले 'स्लर्म' हे त्यांतले सर्वांत प्रचलित. 'परम ब्रह्म'वर जॉब टाकतानाही त्याच्याशीच गाठ पडते.

बॅकफिलची सगळी इमारत एका गोष्टीवर उभी आहे: तुमचा जॉब किती वेळ चालेल हे तुम्ही सांगता त्यावर. आणि इथे आपण सगळे सारखेच. तीन तासांचे काम असते, पण 'मध्येच मारला गेला तर?' या भीतीने सात दिवस लिहून मोकळे होतो. कालच्या स्क्रिप्टमध्ये सात दिवस होते म्हणून आजच्यातही सात दिवस. मग मध्यरात्री चार तासांची फट पडते, तुमचे तीन तासांचे काम तिच्यात सहज बसले असते, पण शेड्युलरला तुम्ही सांगितले आहे सात दिवस. तो तुम्हाला ओलांडून दुसऱ्याला आत घेतो. सकाळी तुम्ही अ‍ॅडमिनला फोन करता की माझा जॉब दोन दिवस पेंडिंग आहे आणि काल आलेल्या माणसाचा लागला. खरे कारण तुमच्याच स्क्रिप्टच्या तिसऱ्या ओळीत असते. कोअरचेही तसेच. एका कोअरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी आख्खा ४८ कोअरचा नोड मागणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. ४७ कोअर त्यांच्या नावाने रिकामे बसतात आणि वापराचा हिशोब मात्र ४८चा लागतो.

उलट बाजूही सांगायला हवी. वेळ कमी सांगितली आणि काम लांबले तर शेड्युलर दयामाया न करता जॉब मारतो, मग तो नव्व्याण्णव टक्के झालेला का असेना. म्हणून मधून मधून अवस्था डिस्कवर लिहून ठेवायची, म्हणजे तिथूनच पुढे चालू करता येते. चेकपॉइंटवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि नव्या वापरकर्त्याने दुसरे काही नाही वाचले तरी ते वाचावे. पिरंगुटच्या कारखानदारीत याला आणखी एक कारण आहे. पुणे परिसराच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा सुट्टीचा वार आणि वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीचाही. छोट्या क्लस्टरवर बुधवारी रात्री चेकपॉइंटशिवाय टाकलेला तीन दिवसांचा जॉब म्हणजे सरळ जुगार. ज्या अ‍ॅडमिनला हे माहीत असते तो गुरुवार सकाळचे आरक्षण शेड्युलरमध्येच टाकून ठेवतो. मग त्या वेळेच्या आत न संपणारा जॉब सुरूच होत नाही आणि कोणाचे काम अर्ध्यात तुटत नाही.

बॅकफिलने रिकामी जागा भरते. पण कोणाचा नंबर आधी, हा न्यायाचा प्रश्न उरतोच. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात ज्यूडी के आणि पिअर्स लॉडर यांनी १९८८ मध्ये 'फेअर शेअर' शेड्युलरवर लेख लिहिला, आणि आज आपण ज्याला फेअरशेअर म्हणतो त्याचे मूळ तिथे आहे. कल्पना अशी, की रांगेला स्मरणशक्ती द्यायची. गेल्या काही दिवसांत ज्याने आपल्या वाट्यापेक्षा जास्त वापरले त्याचा प्राधान्यक्रम खाली जातो, ज्याने कमी वापरले त्याचा वर येतो. ही स्मरणशक्ती हळूहळू विरत जाते. स्लर्मच्या मूळ मांडणीत सात दिवसांनी जुन्या वापराचे वजन निम्मे होते. कालव्याच्या पाण्याची पाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. मुखाकडच्याने दोनदा भरणे केले आणि टेलचा कोरडा राहिला, तर पुढच्या पाळीत टेलला आधी पाणी सोडायचे; आणि दोन वर्षांपूर्वीची पाळी कोणी उगाळत बसायची नाही.

ऐकायला हे निर्विवाद वाटते. पण 'वाटा' किती हा आकडा कुठून आला? समजा एका विभागात दोन प्राध्यापक आहेत. एकाकडे दोन विद्यार्थी, दुसरीकडे बारा. वाटा प्राध्यापकागणिक सारखा ठेवला तर बारातल्या प्रत्येकाला दोनातल्या एकाच्या वाट्याचा सहावा हिस्सा मिळतो. माणसागणिक ठेवला तर मोठा गट यंत्र व्यापून टाकतो आणि गट मोठा करण्याचे नवे कारण सगळ्यांना मिळते. तिसरा म्हणतो, यंत्राचे निम्मे पैसे माझ्या प्रकल्पातून आले, मला निम्मे द्या. चौथा म्हणतो, माझ्या विद्यार्थ्याचा प्रबंध पुढच्या महिन्यात आहे. यातले कोणतेही म्हणणे खोटे नाही. शेड्युलरमध्ये यांपैकी प्रत्येकासाठी खिडकी आहे: पार्टिशन, क्वालिटी ऑफ सर्व्हिस, खात्यांची उतरंड, आरक्षण. पण कोणत्या खिडकीत काय भरायचे ते शेड्युलर सांगत नाही.

मला विचाराल तर पैसे देणाऱ्याला प्राधान्य जरूर द्यावे, ताबा देऊ नये. त्याचे काम नसेल तेव्हा त्याच्या नोडवर इतरांचे जॉब चालावेत, आणि तो आला की ते थांबवून परत रांगेत घालावेत. शेड्युलरला हे येते. दुसऱ्यांना उठवताना थोडी नाराजी होते, पण रात्रभर रिकामे जळणारे नोड बघण्यापेक्षा ती परवडते. हवामानाच्या अंदाजासारखी काही कामे अशी असतात की तिथे वाटाघाटीला जागाच नसते. उद्याचा अंदाज परवा निघून उपयोग नाही, त्याचे नोड राखीवच असावे लागतात. अशा कामांना अपवादच म्हणायचे, आणि अपवाद मोजकेच ठेवायचे. प्रत्येक जण आपले काम तातडीचे आहे म्हणतो. सगळेच जॉब 'अर्जंट' पार्टिशनमध्ये गेले की रांग पुन्हा होती तशी होते, फक्त तिचे नाव बदलते.

लॉगिन नोडवर काम चालवू नका, हे वाक्य या पुस्तिकेत जितक्या वेळा आले आहे तितक्या वेळा ते सांगावे लागते म्हणूनच आले आहे. लॉगिन नोड हे दार आहे, तिथून फाइली बघायच्या, स्क्रिप्ट लिहायची, जॉब टाकायचा. एकाने तिथेच सोळा प्रोसेस सोडल्या की दीडशे जणांचे टर्मिनल गोठते. याबाबत मी कठोर आहे: मर्यादा सीग्रुपने बांधा, आणि तरी कोणी चालवलेच तर प्रोसेस मारून त्याला एक सभ्य ईमेल पाठवा. दुसऱ्या वेळी कमी सभ्य.

आता साठवणूक. प्रोसेसरवरून लोक भांडतात, पण रडताना मी लोकांना डिस्कवरूनच पाहिले आहे. बहुतेक क्लस्टरवर दोन जागा असतात. 'होम' छोटी, कोटा असलेली, बहुधा बॅकअप होणारी. 'स्क्रॅच' मोठी, वेगवान, बॅकअप नसलेली आणि जिथल्या जुन्या फाइली ठराविक दिवसांनी पुसल्या जातात अशी. नियमाच्या कागदावर हे लिहिलेले असते, पहिल्या लॉगिनला पडद्यावरही येते, आणि तरी पाच वर्षांचे काम स्क्रॅचवर ठेवणारा माणूस प्रत्येक संस्थेत निघतोच. मी त्याला दोष देत नाही. स्क्रॅचचे नाव ऐकून ते तात्पुरते आहे हे कळायला आधी कोणीतरी सांगावे लागते. पुसण्याआधी सूचना द्यायची, कोणत्या फाइली जाणार त्यांची यादी द्यायची, आणि पुसायचेच. नुसती सूचना देऊन न पुसणारा अ‍ॅडमिन लोकांना सूचनेकडे दुर्लक्ष करायला शिकवतो.

पुसणारे हातही चुकतात. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपची एक स्क्रिप्ट चालत होती. दहा दिवसांपेक्षा जुन्या लॉग फाइली काढणे हे तिचे एक काम. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीने तिची सुधारित आवृत्ती जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर टाकली. चालत्या स्क्रिप्टने पुढच्या ओळी नव्या फाइलीतून वाचल्या, व्हेरिएबल रिकामे निघाले आणि लॉगऐवजी संशोधकांच्या डिरेक्टऱ्या पुसल्या गेल्या. सुमारे ७७ टेराबाइट, तीन कोटी चाळीस लाख फाइली, चौदा संशोधनगट. त्यांतल्या चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत येण्यासारखा नव्हता. कंपनीने जबाबदारी पूर्णपणे स्वीकारली, विद्यापीठाने सगळे तपशील जाहीर केले. या पुस्तिकेत पुसण्याच्या प्रत्येक आज्ञेआधी 'आधी फक्त यादी छापा' अशी पायरी आहे ती या घटनेमुळे. ती पायरी वगळून वेळ वाचवू नका.

छोट्या फाइलींचाही एक मुद्दा आहे, तो अभियंत्यांना कमी आणि यंत्रशिक्षणवाल्यांना जास्त लागू. समांतर फाइल प्रणाली मोठ्या फाइली झपाट्याने वाचते, पण चाळीस लाख बारीक चित्रे एका डिरेक्टरीत टाकली की फाइलींची नावे सांभाळणारा सर्व्हर गुदमरतो, आणि एकाच्या डेटापायी सगळ्यांची एलएस आज्ञा अडकते. फाइली बांधून ठेवा. कसे, ते सहाव्या प्रकरणात.

खात्यांच्या प्रकरणाला लोक कंटाळतात. खाते उघडणे सोपे असते, बंद करणे कोणालाच आठवत नाही. विद्यार्थी पदवी घेऊन जातो, त्याची की-फाइल जुन्या लॅपटॉपवर राहते, तो लॅपटॉप भावाला दिला जातो. मे २०२० मध्ये एडिनबराचे 'आर्चर' हे ब्रिटनचे राष्ट्रीय यंत्र आणि जर्मनीतली अनेक क्लस्टर काही दिवस बंद ठेवावी लागली. हल्लेखोर वापरकर्त्यांच्या चोरलेल्या एसएसएच ओळखी वापरून आत शिरले होते, आणि संशोधकांची अनेक ठिकाणी खाती असतात त्याच वाटेने एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेले. पासवर्ड एकमेकांना देणे ही आपल्याकडे मैत्रीची खूण मानली जाते. 'अरे, माझ्याच लॉगिनने टाक ना' म्हणणाऱ्याला यात काही वावगे वाटत नाही. पण हिशोब, जबाबदारी आणि सुरक्षा या तिन्ही गोष्टी खाते एका माणसाचे असण्यावर टिकून आहेत.

हिशोब हा शब्द मुद्दाम वापरला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८६ मध्ये संगणकवेळेच्या दोन हिशोबांत ७५ सेंटची तफावत आली. क्लिफर्ड स्टोल हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ, त्यांना ती शोधायला सांगितली गेली. कोणीतरी खाते नसताना काही सेकंद यंत्र वापरले होते. तो धागा धरून अनेक महिन्यांनी ते पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या मार्कुस हेसपर्यंत पोहोचले, जो अमेरिकी लष्करी संगणकांतली माहिती केजीबीला विकत होता. आपल्या क्लस्टरवर हेर सापडेल असे मी म्हणत नाही. पण महिन्याचा वापर कोअर-तासांत काढून प्रत्येक गटाला पाठवला, की दहा नोड तीन दिवस म्हणजे ४८ कोअरच्या हिशोबाने ३४,५६० कोअर-तास, हे आकडे लोक स्वतः बघू लागतात. 'हा जॉब माझा नाही' असे सांगणारा पहिला माणूस बहुधा त्या यादीतूनच पुढे येतो. आणि निम्म्या तक्रारी त्या यादीने आपोआप मिटतात, कारण 'तोच सगळे खातो' या वाक्यापुढे आकडा ठेवता येतो. कधी कधी तो खरोखरच सगळे खात असतो.

राहिला अ‍ॅडमिन. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो एकटा असतो, त्याचे पद क्लस्टरचे नसते, आणि वाट्याचे निर्णय त्याच्यावर सोडून समिती मोकळी होते. मग रात्री अकराला फोन येतो, "साहेब, माझा तेवढा वर घ्या ना." त्याने घेतला तर तो पक्षपाती, नाही घेतला तर तो आडमुठा. यातून त्याला सोडवायचे तर नियम समितीच्या सहीने, तारखेसह, सगळ्यांना वाचता येईल अशा भाषेत भिंतीवर आणि लॉगिनच्या पडद्यावर हवेत. आणि अपवाद कोण देणार त्याचे नाव त्यात असावे. ते अ‍ॅडमिनचे नसावे. समित्यांना हा भाग आवडत नाही असा माझा अनुभव आहे. परिशिष्टात अशा नियमपत्रकाचा एक नमुना दिला आहे. त्यातल्या मोकळ्या जागा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत, कारण त्या भरण्यावरूनच तुमच्या समितीत खरी चर्चा होईल.

वाचण्याचा क्रम ज्याचा त्याने ठरवावा. पहिल्यांदा जॉब टाकणाऱ्याने दुसरे, तिसरे आणि चेकपॉइंटचे प्रकरण घ्यावे. चार यंत्रांचा क्लस्टर उभा करणाऱ्याने पाचव्यापासून सुरुवात करावी आणि स्लर्मच्या मांडणीची फाइल जशीच्या तशी उतरवून न घेता प्रत्येक ओळीला 'हे कोणासाठी' असे विचारावे. जीपीयूवरचे प्रकरण जाणूनबुजून आखूड आहे. एका नोडवर चारआठ जीपीयू, मागणारे पन्नास, आणि एकेका प्रशिक्षणाला आठवडा, अशा ठिकाणी चांगले नियम अजून घडत आहेत. एक जीपीयू अनेकांत तुकडे करून वाटावा की तासांच्या पाळ्या लावाव्यात, यावर या पुस्तिकेच्या मसुद्यावरच दोन मते पडली. दोन्ही छापली आहेत. आज्ञा आणि सॉफ्टवेअरांची नावे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच करायची, उच्चारावरून ती ओळखता येतील याची काळजी घेतली आहे.

पिरंगुट, ता. मुळशी